लाल पट्टा जुळला आणि मी फसले

मंडळी, आज डोकं पार बधिर झालंय.

माझं काम थोडक्यात सांगते. जमिनीच्या हालचालींनी तुटलेले, सरकलेले खडकांचे थर डोंगरावर जाऊन मोजायचे, मग कंप्युटरवर उलटे सरकवायचे आणि डोंगर मुळात कसा होता ते शोधायचं. त्यासाठी सध्या भंडारदऱ्याजवळ एका काकूंकडे खोली घेऊन राहिलेय.

आज सकाळी स्क्रीनवर डोंगरातल्या भेगेच्या दोन्ही बाजूंचा लाल मातीचा पट्टा एकदाचा एका रेषेत आला. मी खुशीत माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन, "लाल जुळला गं, पण वरचे काळे थर बघितलेस का?"

बघितले. एकही जुळत नव्हता. आपल्या काळ्या कातळात असे लाल पट्टे एकावर एक बरेच असतात आणि दिसतात सगळे सारखेच. मी इकडचा वरचा पट्टा तिकडच्या खालच्याला जोडून बसले होते. म्हणजे परत कडा चढा, परत मोजा.

दुपारी जेवायला उठले नाही तेव्हा काकू दारात आल्या. "झाला का गं डोंगर सरळ?"

"नाही हो. परत चढायचाय."

"मंग आदी भाकर खा. डोंगर काय पळून चाललाय व्हय?"

अहो, तो सरकला म्हणूनच तर मी इथे आलेय! पण उठले आणि जेवले.

एक विचारू? एक गोष्ट मनासारखी जुळली की बाकीचं बघायचं तुम्हीही सोडून देता का? खडक निदान परत मोजता तरी येतात.