मामांचा विझार्ड आणि मामीची शांतता

मामा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर इमारतीच्या पोटातल्या उभ्या, अंधाऱ्या विहिरीत, ग्रीसने माखलेल्या दोरांच्या सोबतीने. तिथे बोलायला कोणी नसतं. आठवडाभर तुंबलेलं बोलणं मग रविवारी चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत सांडतं.

त्या खोलीत, नजर तपासायच्या तक्त्याखाली, एक खेळ चालतो. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि कोणाचं काय होणार ते फासे ठरवतात. गोष्ट रचणाऱ्याला हातांची खुर्ची, बाकीच्यांना स्टुलं. ती खुर्ची पहिल्यापासून चष्मेवाल्यांची.

मामांचं पात्र विझार्ड, म्हणजे पोथ्या घोकून जादू शिकलेला. विझार्डच सर्वांत ताकदवान, हे मामांचं मत नव्हतं, श्रद्धा होती. बेकरीवालीच्या पात्राला जादू जन्मजात येते. “म्हणजे बापाच्या गल्ल्यावर बसलेली,” मामा म्हणाले. तिची बेकरी खरोखरच वडलांची असल्यामुळे पुढचे काही रविवार बिस्किटं आली नाहीत. आणि मामीचं पात्र क्लेरिक, देवाची सेवेकरी. तिने रोज सकाळी देवाकडे मागायचं आणि तो देईल तेवढीच जादू वापरायची.

“उसनी ताकद!” मामा म्हणायचे. “देवाचा मूड गेला की संपलं. हिचं काम मलमपट्टीचं.”

मामी दवाखान्यात नर्स आहे. ती फक्त म्हणायची, “अहो, चहा घ्या, गार होतोय.”

मामांनी टेबलाला एक नियमही घालून दिला होता. जे पात्राला जमत नाही, ते खेळाडूनेही करायचं नाही. एकदा बेकरीवालीचं पात्र मेलं आणि तरीही ती सल्ले देत राहिली, तेव्हा मामा कडाडले होते, “मेलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं!”

यंदा चष्मेवाले दुकान विकून लेकीकडे कायमचे राहायला निघाले. खुर्ची रिकामी होणार होती. मामा त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. जगात एकाच ठिकाणी माणसं त्यांचं ऐकून घेत. आता तिथे माणसांना ऐकावंच लागणार होतं.

“बसा की,” बेकरीवाली म्हणाली, “पण आधी तुमची ती ताकद दिसू दे. मामीशी झुंज. जिंकेल त्याची खुर्ची.”

“मला कशाला मध्ये ओढतेस?” मामी म्हणाली.

“घाबरलीस?” मामांनी विचारलं.

मामीने कप खाली ठेवला. “बरं. जागा तुम्ही ठरवा.”

मामांनी जागा निवडली ती त्यांच्या धंद्याला शोभेल अशीच: एक अरुंद उंच मनोरा, दार बाहेरून बंद. हिला पळता येऊ नये म्हणून. मग आग, वीज, उडणं, सगळं पाठ करून आल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि कोणत्या जादूपुढे क्लेरिक किती क्षण टिकते यावर व्याख्यान दिलं. चष्मेवाल्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

फासे पडले. पहिली पाळी मामीची.

“शांतता,” ती म्हणाली.

“बोल की, कोण अडवतंय?”

“जादूचं नाव आहे हो ते. मनोराभर आवाज बंद.”

चष्मेवाल्यांनी होकाराची मान हलवली. मंत्र उच्चारल्याशिवाय विझार्डची काडीही पेटत नाही. शांततेच्या घेराबाहेर पडावं, तर मनोरा त्या घेराएवढाच आणि दार बंद. मामांनी तोंड उघडलं.

“अहं,” बेकरीवाली म्हणाली. “पात्राला जमत नाही, ते खेळाडूनेही नाही.”

मामांचं तोंड मिटलं. मामीचं पात्र गदा घेऊन निवांतपणे विझार्डला बडवत राहिलं. पोथ्या वाचणाऱ्याला मारामारी कुठली येणार! प्रत्येक फटक्याला मामांचा चेहरा लाल होई आणि हात हवेत काहीतरी मुद्दे मांडत. खोलीत पंखा ऐकू येत होता. चष्मेवाले म्हणाले, “या पंख्याला आवाज आहे होय? इतक्या वर्षांत कळलंच नाही.”

विझार्ड पडला. खुर्ची मामीला मिळाली.

घरी जाताना रस्ताभर मामा गप्प. नियम संपला होता, तरीही.

पुढच्या रविवारी मात्र ते नवं पात्र घेऊन हजर. क्लेरिक!

“मी पहिल्यापासून म्हणतोय,” त्यांनी स्टूल पुढे ओढलं, “सर्वांत ताकदवान क्लेरिकच. पाठांतर नको, काही नको. सकाळी मागायचं, देव देतो. मी आज आग मागतो.”

क्लेरिकच्या देवाच्या तोंडून कोण बोलतं, हे मामा सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं. गोष्ट रचणाराच बोलतो.

मामी खुर्चीत मागे रेलली.

“देव म्हणतो,” ती म्हणाली, “आज मलमपट्टी.”