तुर्कस्तानातली अंघोळ

आम्ही दोघं तुर्कस्तानला चाललोय हे सांगायला मी अकोल्याला आईला फोन केला, तर पलीकडून एकच शब्द आला, "कावून?"

आता या 'कशाला'ला काय उत्तर द्यायचं? नोकरी संपली, गुडघे अजून शाबूत आहेत, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या लेकीनं तिकिटं, हॉटेलं सगळं परस्पर ठरवून टाकलंय, असं सगळं मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तठी मेथी भेटते का?" मी म्हटलं, माहीत नाही. मग ती म्हणाली, "पाहून ये." संपला फोन.

आई जन्मभर भाजीवाली. अकोल्याच्या कडेला आमचं थोडं ओलिताचं शेत होतं, त्यात ती वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात जाऊन विकायची. त्यामुळे तिच्याशी भाजीवर आणि पाण्यापावसावर कितीही बोलता येतं. त्याच्या खाली उतरलं की दोघी गप्प होतो. त्याला कारण आहे. मी शाळेत गणित शिकवायला लागले आणि त्याच शाळेतल्या मास्तरांशी लग्न केलं. ते बौद्ध, आम्ही माळी. बाबांनी सांगितलं, या घराचं दार तुला बंद. आई काही बोलली नाही.

वर्षभरात अमरावतीला माझी मुलगी झाली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. अंगाला तेल, कढत पाण्याची अंघोळ, धुरी, शेक. हे सगळं आईनं करायचं असतं. मी एकटीच, एका हातानं डोळे झाकून दुसऱ्या हातानं डोक्यावर तांब्या उपडा करायची आणि न्हाणीच्या दाराबाहेर हे पोरीला घेऊन उभे असायचे, रडायला लागली की दार वाजवायचे. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडीत बसलं की मूर्तिजापूर, आणि मग अकोला. किती लांब आहे? त्या सव्वा महिन्यात रोज सकाळी मी तो रस्ता उलटा मनात चालून यायची, अकोल्याहून आईला गाडीत बसवायची आणि बडनेऱ्याला उतरवायची. ती आली नाही.

पुढे बाबा निवळले. नात शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनीच तिला दप्तर पाठवलं. येणंजाणं सुरू झालं, दिवाळ्या झाल्या. आता बाबाही नाहीत. सगळं छान आहे. पण मी माहेरी गेले की आई मला पाटावर बसवते, वाढते, निघताना पिशवीभर भाजी देते. पाहुणीचं करावं तसं सगळं करते. हात मात्र लावत नाही. तू का आली नाहीस, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या उत्तराची भीती वाटायची. राग म्हणाल तर केव्हाच जिरला होता. नुसती ओढ राहिली होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी असली ओढ असणं मला लाजिरवाणं वाटायचं.

असो. तर तुर्कस्तान.

इस्तंबूलमधलं आमचं हॉटेल म्हणजे एका जुन्या श्रीमंताचा दगडी बंगला होता. खिडकीतून खाडी दिसे, तिच्यावरून दिवसभर बोटी या काठाहून त्या काठाला जात. गादी इतकी मऊ की पहिल्या रात्री माझी पाठच धरली. लेकीनं बजावून ठेवलं होतं, "आई, तिथे तू हात हलवायचा नाहीस." पण हाताला सवय. सकाळी उठून मी चादरी ताणून घातल्या, चहाचे कप विसळले, न्हाणीघर पुसलं. साफसफाईची बाई आली, तिनं खोली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून परत गेली. हे म्हणाले, "अवं, तिची नोकरी घालवतं का आता?" दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशी खाली पाडून ठेवली.

तिथल्या नाश्त्याबद्दल मात्र मी कोणाशीही तासभर बोलू शकते. टेबलावर एक मुख्य पदार्थ असा नव्हताच, नुसत्या वाट्या. काळी जैतुनं म्हणजे ऑलिव्ह, हिरवी जैतुनं, तीन तऱ्हेचं खारं चीज, काकडी, टमाटे, अक्रोड, अंजिराचा मुरंबा, आणि मधात बुडवलेली घट्ट साय. ती साय तोंडात गेली आणि मी डोळे मिटले. तीळ लावलेला, कड्यासारखा गोल पाव, गरम गरम. शिवाय चहा, बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यातून, बिनदुधाचा, लालभडक. ताटात टाकायचं नाही आणि समोर आलेलं नाही म्हणायचं नाही, या शिस्तीत वाढलेली मी. पेला रिकामा केला की वाढणारी बाई हसून परत भरायची. सात पेले झाल्यावर माझा चेहरा बघून तिनंच चमचा उचलला आणि पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवून दाखवला. असं ठेवलं की पुरे. मला फार नवल वाटलं. आमच्याकडे ताटावर दोन्ही पंजे आडवे धरले तरी वाढणारी बोटांच्या फटीतून वरण ओतते.

भरलेली वांगीही खाल्ली. तेलात लोण्यासारखी शिजलेली, आत कांदा-टमाटा, पण तिखटाचा पत्ता नाही. यांनी खिशातून ठेच्याची डबी काढली. इतक्या लांब येऊन हे काय, म्हणून मी चिडले, आणि मग मीही थोडा लावून घेतला.

तिथून आम्ही कपाडोक्याला गेलो. डोंगर पोखरून केलेल्या गुहेत आमची खोली होती, आणि गुहा म्हणावी तर आत गालिचे, दिवाण, कोनाड्यात मंद दिवे, आंघोळीला संगमरवरी टाकी. पहाटे गच्चीवर शाली घेऊन बसलो. उजाडता उजाडता खालच्या दऱ्यांमधून एकेक करत माणसं बसलेले मोठाले रंगीत फुगे वर आले, किती तरी. हे माझा हात धरून बसले होते. असं सुख मला कधी मिळालं नव्हतं, आणि तेव्हाच मला आईची आठवण आली. ती इथे असती तर म्हणाली असती, एवढं रान मोकळं पडलंय, काही पेरत कसे नाहीत. मला हसू आलं आणि हसता हसता मी शालीचा पदर डोळ्यांना लावला. सुखाच्या ठिकाणी आपलं माणूस हवंसं वाटतं, दुःखात एक वेळ त्याच्याशिवाय चालवून घेतो.

शेवटच्या दिवशी पुन्हा इस्तंबूल. लेकीनं माझ्यासाठी हॉटेलातल्या हमामची वेळ घेऊन ठेवली होती. मी आढेवेढे घेतले. परक्या बाईकडून अंघोळ घालून घ्यायची म्हणजे काय? यांनी मला जवळजवळ ढकललंच.

चौकड्यांचा एक पंचा गुंडाळायला दिला. आत घुमटाखाली मोठा ओटा, खालून तापवलेला, पाठ टेकवली की हाडं सैल होतील असा. घुमटाला छोटी छोटी भोकं होती, त्यातून उजेडाच्या काड्या आत येत होत्या. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल अशी एक जाडजूड बाई आली. दंडावर देवीची खूण. तिनं मला "आब्ला, आब्ला" करत झोपवलं. आब्ला म्हणजे ताई, एवढं मला एव्हाना कळलं होतं. हातात खरखरीत पिशवी चढवून तिनं माझी पाठ घासायला घेतली. काय सांगू, तीस वर्षांचा खडू निघाला असेल! मळाच्या वळ्या ती मला उचलून दाखवत होती आणि खुशीत हसत होती. मग साबणाच्या फेसाचा ढीग, आणि मग तिनं मला उठवून बसवलं, माझं डोकं स्वतःच्या मांडीशी टेकवलं आणि केस धुवायला लागली. कानामागून बोटं फिरवली. डोळ्यांवर पंजा आडवा धरून तांब्याच्या वाटग्यानं कढत पाणी ओतलं.

तो पंजा आडवा धरला आणि माझा धीर सुटला. मी रडले. आवाज करून रडले. न्हाणीतला तो एका हातातला तांब्या, बाहेरून वाजणारं दार, सगळं वर आलं. बाईला वाटलं डोळ्यांत साबण गेला. तिनं आणखी पाणी ओतलं. मग तिला समजलं असावं. ती पाणी ओतत राहिली.

झालं, अशी खूण म्हणून तिनं पाठीवर थाप मारली. आता मी उठून जायला हवं होतं. पण मी काय केलं? तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, माझ्या हातात चढवली आणि तिला खूण केली, फिर. आमच्याकडे विहिरीवर नाहीतर नदीवर बाया न्हायला बसल्या की जी तुझी पाठ घासते तिची तू घासायची. एकीनंच घासून घेऊन उठणं म्हणजे मिजास. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. बाई आधी घाबरली, दाराकडे पाहायला लागली. मग तोंडावर हात ठेवून हसली, आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसली. मी तिची पाठ घासली. दुखरी असावी, खांद्याजवळ ती "आह" म्हणायची. दिवसभर दुसऱ्यांना न्हाऊ घालणाऱ्या बाईला कोण न्हाऊ घालत असेल, हे मला विचारता आलं नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी अकोल्याला गेले. भाऊ-वहिनी एका लग्नाला गेले होते, घरात आई एकटीच. आता ऐंशीच्या पुढे आहे. बाजार सुटला, पण अंगणात चार वाफे ठेवलेत. मी गुलाबाची तुर्की मिठाई दिली. तिनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "दाताले चिकटते." फोनमधले फोटो दाखवले. फुगे तिनं भराभर सरकवायला लावले, बाजारातल्या वांग्यांवर मात्र थांबली. "जून हाय," असा निकाल दिला.

मग मी हमामचं सांगितलं. हसू येईल असंच सांगत होते, मळाच्या वळ्या आणि काय काय. ती हसली नाही.

"परक्या बाईनं न्हाऊ घातलं तुले?"

"हो."

"कढत पाण्यानं?"

"हो. चांगलं कढत."

ती वाफ्यांकडे पाहायला लागली. आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं धरून ठेवलेलं तोंडातून गेलंच. "माय, पोरीच्या वेळी तू कावून नाही आली वं?"

"मी?" ती खरंच चकित झाली. "माय कुठी जाते का जावयाच्या घरी बायतपन कराले? पोरीनं यावं लागते माहेरी."

"बाबांनी दार लावलं होतं ना."

"समोरचं लावलं होतं त्यायनं. मांगचं तं मीच लावो." तिचा आवाज चिरकला. "सव्वा महिना कडी नाही लावली म्या. रोज सकायी एक गुंड पाणी ज्यादा तापवलं. तुह्या बापाले वाटे, गाईच्या सरकीसाठी असन. म्हटलं, आज येईन, पोरीले घेऊन, मांगच्या दारानं. आली तं पाणी तयार असावं. तूच नाही आली."

"मग त्या पाण्याचं काय करायची?"

"थंडं झालं का वांग्याच्या वाफ्यात टाको."

सव्वा महिना मी तिला गाडीत बसवून आणत होते आणि ती मागच्या दाराकडे पाहत होती. दोघींपैकी एकीनं जरी रीत मोडली असती! लग्नात मी एवढी मोठी मोडली होती, मग ही एवढीशी का नाही सुचली? मला स्वतःचा इतका राग आला, आणि तिचा इतका कळवळा आला, की मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्याकडे पाठ करून खाली जमिनीवर बसले. का बसले ते मी सांगितलं नाही.

तिनंही विचारलं नाही. थोड्या वेळानं पाठीवर हात पडला. सालं निघालेला, बोटं वाकलेला तिचा हात खांद्यापासून कमरेपर्यंत खाली आला, परत वर गेला, परत खाली आला.

"किती वायली वं तू," ती म्हणाली.

मी मुळीच वाळले नव्हते. तुर्कस्तानातली साय खाऊन चांगली तीन किलोंनी वाढून आले होते. पण मी म्हटलं, "हो ना माय."