पेंट शॉपच्या पोटातली टाकी

कारखान्यात त्यांना सगळे पानाकाका म्हणायचे, कारण खिशात पाना नाही असे ते कधी कोणाला दिसलेच नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून पाना डोकावतोय, हे त्यांची बायको पाहुण्यांना हसत दाखवायची. मोटारींना रंग देणाऱ्या पेंट शॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून सव्वीस वर्षं काढली. पुढे मोटारी खपेनात. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि अकरा वर्षांपूर्वी फाटकाला कुलूप लागलं.

त्या शेवटच्या आठवड्यात साहेबाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. रंग पातळ करायच्या उरलेल्या थिनरची पिंपं जमिनीखालच्या जुन्या टाकीत ओता आणि वर स्लॅब टाका, असा हुकूम झाला. नकाशावर टाकी दाखवायची ना, असं पानाकाकांनी विचारलं. साहेबाने फक्त तोंडावर बोट ठेवलं. पानाकाका आणि आणखी दोघा कामगारांनी मिळून ते काम उरकलं. पुढे त्या दोघांतला एक वारला, दुसरा मुलाकडे परदेशी गेला, आणि ते ओझं एकट्या पानाकाकांच्या छातीवर राहिलं.

यंदा एका कंपनीने ती ओसाड जागा घेतली. जुन्या शेड पाडून तिथे घरं आणि दुकानं होणार, असा बोर्ड लागला. पानाकाकांच्याच घरी राहणाऱ्या जावयाला तिथे गॅस कटरवर काम मिळालं. लेक खुशीत होती. पानाकाकांची मात्र झोप उडाली. जावई कामावरून आला की ते आडून आडून विचारायचे, आज कुठली शेड पाडली? प्रेस शॉप गेलं, बॉडी शॉप गेलं. मग एका रविवारी जेवताना जावई म्हणाला, "उद्यापासून पेंट शॉप."

पानाकाकांच्या हातातला घास हातातच राहिला. तिथे खाली टाकी आहे, एवढंच ते कसंबसं बोलले. आपणच त्यात ओतलंय, हे सांगायला जीभ रेटेना.

"बाबा, नकाशात तसं काही नाही," जावई समजुतीने म्हणाला. "इंजिनीयर मॅडमनी सगळं तपासलंय."

सोमवारी सकाळी पानाकाका फाटकावर गेले. मॅडम तरुण होत्या, पण त्यांनी म्हाताऱ्याला हाकललं नाही. जागा दाखवा, म्हणाल्या. हेल्मेट घालून दोघं आत शिरले. छताचे पत्रे वाऱ्याने खडखडत होते. पानाकाका खांब मोजत चालले. नवव्या खांबापाशी त्यांचे पाय थबकले. शेजारची शेड पाडताना बसलेल्या धक्क्याने स्लॅबला बोटभर रुंद भेग पडली होती आणि तिच्यातून तो ओळखीचा, गोडसर, डोकं जड करणारा वास येत होता.

तेवढ्यात वर फटफट आवाज झाला. दहा पावलांवर, शिडीवरून जावई तुळई कापत होता. ठिणग्या फरशीवर सांडत होत्या.

गुडघेदुखी विसरून पानाकाका धावले आणि शिडीखालच्या दोन्ही सिलिंडरचे व्हॉल्व्ह त्यांनी आवळून टाकले. ज्योत विझली. सगळ्यांदेखत सासऱ्याने काम बंद पाडलं म्हणून जावयाचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, इतक्यात भेगेपाशी धरलेलं मॅडमचं वायू मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं. बंदच होईना. जावई शिडीवरून उतरला.

"आत काय आहे, तुम्हाला कसं माहीत?" बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं.

"मीच ओतलंय," पानाकाका म्हणाले.

टाकी उपसायला दोन महिने लागले. तेव्हा कळलं की ती तळाशी कधीचीच फुटली होती आणि विष मातीत खोलवर मुरलं होतं. कंपनीने गाशा गुंडाळला. ज्यांची कामं बुडाली, ते रस्त्यात पानाकाकांना पाहून तोंड फिरवू लागले. जावई दुसऱ्या शहरात कामाला गेला. जाताना पाया पडला, पण टाकीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग पानाकाका राहत त्या कारखान्यामागच्या गल्ल्यांतल्या बोअरचं पाणी तपासायला नेलं. निकालाला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत पानाकाका पाण्याचा पेला तोंडाशी न्यायचे आणि तसाच खाली ठेवायचे. अकरा वर्षं बायको आणि लेक हेच पाणी पीत होत्या.

त्यांच्या गल्लीचं पाणी चांगलं निघालं. मागच्या गल्लीतल्या चौदा घरांचं वाईट निघालं.

पाणी पिऊ नका अशी नोटीस दारांवर चिकटवायला माणूस येणार होताच, पण त्याच्या आधी पानाकाका त्या घरांकडे निघाले. बायको म्हणाली, लोक अंगावर येतील, मीही येते. त्यांनी तिला घरीच थांबायला सांगितलं. पहिल्या घराचं दार एका बाईने उघडलं. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. पानाकाकांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग कारखान्यातलं काम सांगितलं, आणि मग पाण्याचं.