दीपमालाच्या खोलीतलं तापमान

यंत्र खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. अकोल्यात दुरुस्तीचं दुकान चालवून मी एवढं एक शिकलो. आधी टीव्ही उघडले, मग कॉम्प्युटर. कीबोर्डात चहा सांडलेला दिसत असतो आणि समोरचा शपथेवर सांगत असतो की आपोआपच बंद पडला. त्यामुळे दीपमाला तोच कॉम्प्युटर तिसऱ्यांदा रिक्षात मांडीवर घेऊन आली, तेव्हा माझं डोकं फिरलं. ही काहीतरी लपवते आहे, असं मी मनाशी धरून टाकलं.

दीपमाला म्हणजे आमच्या संघपालची बायको. राहायला अकोट फैलात, माडीवरच्या दोन खोल्यांत. दोघं लग्नाच्या शूटिंगची मिक्सिंग करायचे. फोटोग्राफर हळद, वरात, जेवणावळी सगळं चित्रित करून आणून देणार, आणि त्यातून गाण्यांवर बसवलेली दोन तासांची फिल्म हे तयार करणार. गिऱ्हाईक सांभाळायचं काम संघपालचं, मिक्सिंग सगळी तिच्या हातची. कामाचा वेग वाढावा म्हणून त्याने पाण्यावर थंड होणारा कॉम्प्युटर घेतला. त्यात एक छोटा पंप नळीतून पाणी फिरवतो. ते पाणी आतली गरमी उचलून रेडिएटरात नेतं आणि तिथले पंखे ती बाहेर फेकतात, गाडीत असतं तसंच. संघपाल येणाऱ्याजाणाऱ्याला काचेतून आतला निळा दिवा दाखवायचा. खिडकीत कूलर आणि कॉम्प्युटरच्या पोटातही कूलर, तू स्वतः कधी थंड होतोस रे, असं मी त्याला चिडवायचो.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये संघपाल कूलरचा करंट लागून गेला. आमच्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असते. आपण वाचतो आणि पान उलटतो. मी गेलो होतो. घरात बुद्धवंदना चालू होती आणि दीपमाला भिंतीला टेकून बसली होती. कोणी पाणी दिलं तर पीत होती, नाही दिलं तर मागत नव्हती. मला भयंकर राग आला होता, पण कोणावर ते काही ठरेना.

तिचे वडील मोतीराम तिला दर्यापूरला न्यायला आले. तिने सांगितलं की काम आहे. म्हातारा समजूतदार, काम चालतंय तोवर राहा म्हणाला, थांबलं की मी येतो. दर्यापूरला भावाच्या घरात एक कोपरा मिळाला असता, पण मिक्सिंग तिथे कोण देणार? तिचं अकोल्यातलं राहणं, स्वतःचं कमावणं, सगळं त्या एका यंत्रावर टांगलेलं होतं. आणि यंदा मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, तेच भरदुपारी काम चालू असताना बंद पडायला लागलं. दोन फोटोग्राफरांनी आपलं काम अमरावतीला हलवलं. शनिवारी बाबा येणार आहेत, असंही ती म्हणाली. हे सगळं तिने मला शेजारच्या बाईची हकीकत सांगावी तसं सांगितलं.

पहिल्या खेपेला मी प्रोसेसरवरची वाळलेली, गरमी ओढणारी पेस्ट खरवडून नवी लावली. दुकानात दिवसभर पळवून पाहिलं, तापमान सत्तरच्या वर गेलं नाही. घरी गेल्यावर परत नव्वद, पंच्याण्णव, आणि बंद. दुसऱ्या खेपेला मला पाण्याचा संशय आला. हा खारपाण पट्टा. इथलं बोअरचं पाणी कोणी त्यात ओतलं असेल तर नळ्यांत क्षार बसलेच म्हणून समजा. उघडून पाहिलं तर पाणी स्वच्छ, पंप तालात, रेडिएटरात धूळ नाही. तरी मी सगळं बदललं, हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून पेटी आडवीतिडवी करून झटकली. दुकानात पुन्हा शहाण्यासारखं चाललं. तिसऱ्या खेपेला मी तिला उलटसुलट विचारलं. वर कापड टाकतेस का? भिंतीला चिकटवून ठेवतेस का? ती शांतपणे नाही म्हणत राहिली. शेवटी मी पेटी उचलली आणि दुपारी तिच्यासोबत तिच्या घरी गेलो.

खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकलो. वर तापलेला स्लॅब, खिडकी बंद, पडदा ओढलेला. खिडकीत तोच कूलर कोरडा ठणठणीत उभा. छताचा पंखासुद्धा बंद. मी खिशातलं थर्मामीटर टेबलावर ठेवलं, ते त्रेचाळीसवर गेलं. दीपमालाने कॉम्प्युटर जोडला, खुर्चीत बसली आणि कोणाच्या तरी हळदीचं काम सुरू केलं. तिची पाठ घामाने भिजली होती. मानेवर घामोळ्या लालबुंद फुलल्या होत्या.

पंखा काहून बंद, मी विचारलं. लक्षात नाही राहिलं, ती म्हणाली.

मी तिला समजावलं. हे पाणी गरमी गिळून टाकत नाही, ते ती खोलीतच सोडतं. खोलीच त्रेचाळीस असेल तर पाणी त्याच्या खाली उतरणार कसं? माझ्या दुकानाचं दार उघडं असतं, कूलर चालू असतो, म्हणून तिथे काही होत नाही. बिघाड यंत्रात नव्हताच. मग मी आवाज उतरवून म्हणालो की कूलरची भीती मी समजू शकतो, अर्थिंग तपासायला मी माणूस आणतो.

"भेव नाही वाटत, काकाजी," ती म्हणाली. "मले गरमच नाही होत."

"पाठ पाह्य आपली. सगळी वल्ली झाली."

तिने हात मागे नेऊन पाठीला लावला आणि ओला तळवा पाहिला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला आणि कपड्याला पुसला.

तेवढ्यात कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा झाला. कॉम्प्युटर बंद पडला. आणि दीपमाला खुर्चीसकट गर्रकन मागे फिरली, कूलरच्या दिशेने. वर्षभरात मी तिला इतकं चटकन हललेलं पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता. मग तो गेला आणि ती हळूच पुन्हा टेबलाकडे वळली.

काय पाहिलंस, मी विचारलं. तिने सरळ सांगितलं. त्या दिवशीही ती इथेच बसली होती, दोन्ही कानांवर हेडफोन, आत वरातीचं गाणं. मागे संघपाल कूलरमध्ये पाणी भरत होता. तो ओरडला असेल तर तिला ऐकू आलं नाही. फ्यूज उडाला, कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा ती त्याच्यावर चिडून मागे वळली.

"आता बी मशीन बंद पडली का मी पलटतो," ती म्हणाली. "पलटेपर्यंत वाटते, तो उभाच असंन. मंग मी त्याले रागावन."

एवढ्या खेपा मी त्या पेटीत काय शोधत होतो, कोण जाणे.

"पंखा लावू का, माय?" मी विचारलं. मे महिन्यात अकोल्यात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

तिने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लावा. बाबा येऊन राहिले शनिवारी."

दुसऱ्या दिवशी मी पिंटू वायरमनला घेऊन गेलो. त्याने अर्थिंग नवीन केलं. जुना कूलर आम्ही दोघांनी जिन्यावरून खाली नेला आणि माझ्या दुकानातला फायबरचा वर आणून खिडकीत बसवला. कूलरकडे पाठ येऊ नये म्हणून टेबल फिरवून ठेवायचं मी सुचवलं, तिने नकारार्थी मान हलवली. टेबल होतं तिथेच राहिलं. कूलर सुरू झाला, खोली निवली, स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा ऐंशीवर आला, मग बहात्तरवर थांबला. दीपमाला हात मांडीवर ठेवून आकड्याकडे बघत बसली. हळदीचं काम तासभर अखंड चाललं.

"आता नाही पडत का बंद?" तिने विचारलं.

"नाही पडत."

ती रडली नाही. मलाच तिच्याकडे बघवेना, म्हणून मी माझे पाने-पक्कड गोळा करायला लागलो. तिने हेडफोन उचलला आणि एकाच कानावर चढवला. दुसरा कान उघडा ठेवून ती कामाला लागली.