गुडघ्यावरचा घाव

माझ्या धाकट्या भावाने कुदळीच्या दांड्याने माझा गुडघा मोडला. कापड्याला, आमच्या गावी, वडिलांच्या शेतात, भाताची लावणी चालू असताना.

तो मुंबईहून शेतातल्या माझ्या वाट्याच्या हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. "सही कर ना गो ताय. मास्तरीण हायस, तुला काय कमी हाय?"

मी नाही म्हटलं. त्याने दांडा फिरवला. माझा पाय चिखलात घट्ट रुतलेला. घाव बाजूने बसला आणि पाय जागचा न हलता गुडघाच तेवढा आत वळला. तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

महाडला डॉक्टरांना सांगितलं, बांधावरून घसरले. ऑपरेशनात मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. पायाला बांधलेला पट्टा सुटला तेव्हा मांडी बघून रडूच आलं. दंडाएवढी झाली होती. "गुडघ्याखाली टॉवेल आहे, तो दाबा," फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. मी सगळा जीव एकवटला. स्नायू हललाच नाही.

मग गुडघा वाकवणं सुरू झालं. बाई अंगाचा भार टाकून टाच मागे रेटायच्या, मी किंचाळायचे. एकदा त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. त्यांनी मनगट धुतलं आणि शांतपणे विचारलं, "खरंच घसरलात?"

"भावाने मारलं," मी म्हणाले. तोवर हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढे पायाला वजन बांधून उचलताना मी भावाचं तोंड डोळ्यांसमोर आणायचे. सात महिन्यांनी कठडा न धरता शाळेचा जिना चढले. नवव्या महिन्यात शेतावर गेले, तर तो तिथेच.

"चालाया लागलीस की," म्हणत त्याने मला धक्का दिला. पाय लटपटला, पण मांडीने सावरलं. मी पडले नाही. उन्हासाठी घेतलेली हातातली छत्री त्याच्या तोंडावर हाणली. दोनदा. ओठ फाटला. तो रक्त थुंकत खाली बसला, "ताय, बस, बस!" मला दया आली नाही. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मात्र छत्री खाली टाकली.

तिथून तडक पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात गेले. त्याने मला मारलं ते सांगितलं, मी त्याला मारलं तेही.

आम्ही आता बोलत नाही. सही मी केलेली नाही. ती मांडी अजून बोटभर बारीक आहे; रोज शाळेआधी व्यायाम करते.