दूध वाटणारा गोरा माणूस

बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आमी अंबडजवळ खडी फोडायला गेल्तो. तिथं परदेशी संस्थेचा एक गोरा माणूस पोरांला भुकटीचं दूध वाटायचा. सांडलेली भुकटी सोता बोटानं टिपून खायचा. त्याचं बोलणं आमाला सांगायला शाळंचा एक मास्तर संगं असायचा. माझी पोरगी रांगेत दिसली, तसं मी तिला हाताला धरून वढलं.

“मास्तर, सायबाला सांगा, आमी फुकटचं पेत न्हाई. दारात चार म्हशी होत्या आमच्या.”

मास्तरनं इंग्रजीत सांगितलं. सायब पोरीकडं बघत हळू बोलला. मास्तर माझ्याकडं वळला. “ते म्हणतेत, लढाईत त्यांचं घर गेलं, तवा छावणीत त्यांच्या बापानंबी लेकरांला असंच दुधाच्या रांगेतून वढलं. धाकटी बहीण तिथंच भुकेनं मेली.”

गोऱ्या माणसावरबी अशी येळ येते, हे मला ठावंच नव्हतं. मी पोरीचा हात सोडला. तिनं दोन पेले पिले. मी पाठ करून उभा ऱ्हायलो.