आवाज येतो, पण केव्हा?

मानसोपचार विभागात निदानावरून झालेला वाद जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिटतो; मागे उरतो तो किस्सा. पदव्युत्तर शिक्षण संपत आले असताना माझ्याकडे वादांपेक्षा किस्सेच अधिक साठले आहेत. त्यातले हे एकाच मुलीचे. तिचे नाव बदलून सुवर्णा ठेवते.

*

माणगावला आमची ओपीडी मंगळवारी असते. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली सुवर्णा बोर्ली पंचतनहून आईबरोबर आली. कानात आवाज येतो, एवढेच तिने सांगितले.

"कधीपासून?" आमच्या सरांनी विचारले.

"वर्ष झालं," आई म्हणाली.

"स्किझोफ्रेनिया. महिन्याला एक इंजेक्शन. पुढचा पेशंट."

मी म्हणाले, "सर, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या आजारातही आवाज येतात."

"ते खरे आवाज नसतात, डॉक्टर."

"खोटा आवाज ऐकू कसा येतो, सर?"

सरांनी चहा मागवला. एकच.

*

सरांनी तपासणीत नोंदवले होते, 'चेहऱ्यावर भाव नाहीत.' स्किझोफ्रेनियात असे होऊ शकते, हे खरे. पण पुढच्या वेळी सुवर्णा माझ्याशी एकटी बोलली, तेव्हा ती रडली, चिडली, मध्येच हसलीसुद्धा.

"मग त्या दिवशी चेहरा इतका कोरा का होता?"

"सर माझ्याशी बोलतच नव्हते, आईशी बोलत होते. मी कशाला तोंड हलवू?"

*

आवाज केव्हा येतो, हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

"मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं न्हाय, की येतो. म्हणतो, तुला सगळे सोडून जाणार. भांडण मिटलं की तोपण गप."

ही मैत्रीण आधीच्या आठवड्यात तिचा जीव की प्राण होती. त्या दिवशी वैरीण होती. नात्यांतली अशी टोके बॉर्डरलाइनमध्ये दिसतात.

एवढ्यावरून निदान होत नाही, हे मी स्वतःलाही बजावले. नुसत्या आवाजावरून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत, आणि कधी कधी ते एकाच व्यक्तीत असतात. पण प्रश्नच न विचारता लावलेले निदान मी मान्य करणार नव्हते.

*

दरम्यान इंजेक्शनामुळे सुवर्णाचा हात थरथरू लागला. प्रयोगशाळेत ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी, धरता येईना, तेव्हा कॉलेजने तिला घरी बसायला सांगितले. मी आईला समजावले, की निदान दुसरे निघाले तर औषध हळूहळू कमी करता येईल. मुख्य उपचार म्हणजे ठरवून, नियमित बोलणे.

"मॅडम, पहिलाच आजार ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "त्याला सुई तरी हाय. बोलायचंच तर घरी मी दिवसभर बोलतेच."

सुवर्णा म्हणाली, "त्यावरच उपचार घ्यायला आलेय मी."

*

शेवटी एका मंगळवारी ओपीडी संपल्यावर मी ही केस सगळ्या विभागासमोर मांडली. सरांनी या वेळी खुर्ची सुवर्णाकडे वळवली.

"आवाज अजून येतो?"

"येतो. आज एसटीतपण आला."

"काय म्हणाला?"

"जाऊ नको. ते तुला वेडीच ठरवणार."

"मग?"

"मग आले. तो सांगेल तसं मी कशाला वागू?"

"आणि आम्ही सांगू तसं?"

"पटलं तर."

सर म्हणाले, "ब्युरेटनं काय करतात, ते मला नीट सांग." स्किझोफ्रेनियात तुटते तशी विचारांची साखळी कुठे तुटते का, हे त्यांना पाहायचे होते. सुवर्णाने अॅसिड भरण्यापासून रंग बदलेपर्यंत सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी विचारले, "समजलं का, सर?"

सर माझ्याकडे वळले. "इंजेक्शन पायरीपायरीने कमी करा, लक्ष ठेवा. आणि हिला दर मंगळवारी तासभर द्या."

"हात थांबला की मी कॉलेजला जाणार. मंगळवारी माझं प्रॅक्टिकल असतं," सुवर्णा म्हणाली. "तुमची ओपीडी बुधवारी ठेवा."